हरणांमधील क्रॉनिक वेस्टिंग डिसीज : शेजाऱ्यांनी दिलेले मांस खावे का, आणि आपल्याकडच्या चितळ-सांबरांना धोका आहे का?

मेंडोटा

नमस्कार. आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आमचे शेजारी वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत आणि नेमाने शिकारीला जातात. यंदा त्यांनी मोठ्या आपुलकीने पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मांसाची काही पाकिटे आणून दिली. त्यात काही तुकडे आहेत आणि काही खिमा आहे. खिमा त्यांनी गावातल्या खाटकाकडून करून घेतला होता. आमच्या घरी मांसाहार चालतो, त्यामुळे घेण्यात अडचण नव्हती, परंतु इथल्या वृत्तपत्रांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) या रोगाविषयी सतत वाचनात येते, म्हणून ती पाकिटे अजून फ्रीझरमध्ये तशीच ठेवली आहेत. संकोच बाजूला ठेवून मी त्यांना विचारले, तेव्हा हरीण अंगाने भरलेले आणि चपळ होते, म्हणून तपासणीसाठी दिले नाही, असे ते म्हणाले.

हा रोग नेमका कशामुळे होतो, मांस नीट शिजवले तर तो नाहीसा होतो का, आणि माणसाला त्याची बाधा झाल्याचे कधी सिद्ध झाले आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट मनात आहे. माझे माहेर नागपूरचे. पेंचच्या जंगलातील चितळांचे कळप पाहत मी मोठी झाले. हा रोग तिकडे पोहोचला आहे का, किंवा पोहोचू शकतो का? इंटरनेटवर भडक मथळेच अधिक दिसतात, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उदगीरचा पशुवैद्य

मेंडोटाताई, तुमच्या शेजाऱ्यांचा भरवसा ज्या गोष्टीवर आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण या रोगाचे सारे अवघडपण तिच्यात आहे. हरीण धडधाकट दिसत होते यावरून ते निरोगी होते, असे म्हणता येत नाही. संसर्ग झाल्यापासून बाह्य लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे दीड ते तीन वर्षे जातात. या संपूर्ण काळात हरीण चरते, पळते, माजावर येते, पिलांना जन्म देते आणि संसर्गानंतर काही महिन्यांतच आपल्या लाळेतून, मूत्रातून व विष्ठेतून रोगकारक बाहेर टाकू लागते. वाळलेले शरीर, गळणारी लाळ, खाली पडलेले कान, पाय फाकवून उभे राहणे, वारंवार पाणी पिणे, माणसाची भीती नाहीशी होणे ही चित्रे आपण बातम्यांत पाहतो, पण ती शेवटच्या काही आठवड्यांची किंवा फार तर महिन्यांची असतात. शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडणारे बहुतेक बाधित हरीण त्या अवस्थेच्या कितीतरी आधीचे असते. म्हणूनच बातम्यांतून वापरला जाणारा ‘झॉम्बी हरीण’ हा शब्द मला घातक वाटतो. तो वाचणाऱ्याची अशी समजूत होते की आजारी जनावर लांबूनच ओळखू येईल.

आता कारणाविषयी. हा रोग विषाणू, जिवाणू किंवा बुरशी यांपैकी कशानेही होत नाही. सर्व सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींवर प्रायॉन प्रथिन नावाचे एक नेहमीचे प्रथिन असते. काही कारणाने त्याची घडी चुकीची पडली, तर ते बिघडलेले प्रथिन आपल्या संपर्कात येणाऱ्या निरोगी प्रथिनांनाही तशीच घडी घ्यायला लावते आणि ही साखळी वाढत जाते. दुधात विरजण टाकल्यावर सगळे दूध विरजते, तशी ही प्रक्रिया समजावी. फरक एवढाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि इथे सजीव असे काहीच नसते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हे नाव दिले, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढ्यांमधील स्क्रेपी, गायींमधील बीएसई म्हणजे ‘मॅड काऊ’, आणि माणसांमधील क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग ही सगळी याच कुळातील आहेत. मेंदूच्या ऊतीत सूक्ष्म पोकळ्या पडून ती स्पंजासारखी दिसू लागते. मूळ प्रथिन शरीराचे स्वतःचेच असल्याने प्रतिकारशक्ती त्याला परके मानत नाही, ताप येत नाही, प्रतिपिंडे तयार होत नाहीत, म्हणून रक्तातील प्रतिपिंडे पाहून निदान करण्याचा आपला नेहमीचा मार्गही इथे बंद होतो. उपचार नाही, वापरात असलेली लस नाही, आणि लक्षणे दिसू लागलेले जनावर मरतेच.

शिजवण्याविषयी तुमच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाहीत. उकळणे, तळणे, भाजणे, धुरावणे, गोठवणे यांपैकी कशाचाही उपयोग नाही आणि घरच्या प्रेशर कुकरचे तापमानही पुरेसे नाही. प्रायॉन मेंदू, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, टॉन्सिल आणि लसीका ग्रंथी यांमध्ये अधिक असतात, म्हणून हाडे आणि ग्रंथी काढून टाकलेल्या मांसात धोका कमी होतो हे खरे, परंतु बाधित हरणांच्या स्नायूंतही प्रायॉन सापडलेले आहेत. त्यामुळे निव्वळ तुकडे असले तरी ते पूर्णपणे सुरक्षित आहेत, असे मी म्हणणार नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र घाबरवणारे काही लिहिणे अन्यायाचे होईल. हरणांपासून माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही, आणि बाधित भागांत हजारो लोकांनी नकळत असे मांस खाल्लेले आहे. न्यूयॉर्क राज्यात व्हेरोना या गावी २००५ मध्ये शिकारी मंडळींच्या मेजवानीत एका बाधित हरणाचे मांस वाढले गेले आणि ते बाधित असल्याचा अहवाल नंतर आला. सुमारे २०० लोक त्या मेजवानीला होते. त्यांपैकी ८१ जणांनी आरोग्याच्या दीर्घकालीन पाहणीत नाव नोंदवले आणि पहिल्या सहा वर्षांच्या निरीक्षणात या रोगाशी जोडता येईल असे काहीही आढळले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत मकाक माकडांना बाधित ऊती देऊन १३ वर्षांपर्यंत पाहिले गेले. त्यांच्यात रोग आढळला नाही. त्याच संस्थेने २०२४ मध्ये मानवी पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या सूक्ष्म प्रतिकृतींवर हरणांचे प्रायॉन सोडून पाहिले, तेव्हाही संसर्ग झाला नाही. माणसाच्या आणि हरणाच्या प्रायॉन प्रथिनांत फरक आहे आणि तोच बहुधा भिंतीसारखा आड येतो.

तरीही दक्षता का सांगितली जाते, हे समजायला ब्रिटनकडे पाहावे लागते. तिथे गायींमधील बीएसई १९८६ मध्ये ओळखला गेला, गोमांस सुरक्षित असल्याचे सरकार वर्षानुवर्षे सांगत राहिले आणि मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले, की तरुण माणसांमध्ये दिसू लागलेला नवा मेंदूरोग बहुधा त्या गोमांसातूनच आला आहे. पुढे एकट्या ब्रिटनमध्ये १७० हून अधिक माणसे त्याने गेली. शिवाय सीडब्ल्यूडीचे प्रायॉन एकाच जातीचे नाहीत, त्यांचे निरनिराळे वाण आहेत, आणि खारमाकड या दक्षिण अमेरिकी माकडांना प्रयोगात त्यांची बाधा झालेली आहे. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला मला रास्त वाटतो : बाधित भागातील हरीण खाण्यापूर्वी तपासून घ्यावे आणि अहवालात रोग आढळला तर ते मांस खाऊ नये.

तुमच्या पाकिटांबाबत माझे मत असे आहे. मॅडिसन ज्या डेन काउंटीत आहे, तिथल्याच माउंट होरेब भागात फेब्रुवारी २००२ मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे हा रोग पहिल्यांदा सापडला. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधील काही भागांत आज तपासलेल्या प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाधित निघतात. अशा ठिकाणचे न तपासलेले मांस मी माझ्या मुलांच्या ताटात वाढणार नाही. खिम्याबाबत तर आणखी एक अडचण आहे : खाटकाकडे हंगामात अनेक हरणांचे मांस एकत्र दळले जाते, त्यामुळे शेजाऱ्यांचे हरीण निरोगी असले तरी खिम्यात दुसऱ्या कुणाचे काय मिसळले असेल, हे सांगता येत नाही. शेजाऱ्यांकडे त्या हरणाचे डोके अजून गोठवून ठेवलेले असेल, तर तपासणी आताही होऊ शकते. घशामागील लसीका ग्रंथी आणि मेंदूच्या देठाचा भाग तपासला जातो. राज्याचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग ही तपासणी विनामूल्य करतो आणि हंगामात ठिकठिकाणी डोके ठेवण्याच्या पेट्याही असतात. अहवालावर ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. फार अलीकडे संसर्ग झालेले जनावर त्यातून निसटू शकते. पण न तपासलेल्या मांसापेक्षा ते कितीतरी बरे.

फियॉर्डकाठ

मी नॉर्वेत राहतो. पशुवैद्य यांनी उत्तर अमेरिकेची बाजू मांडली आहे. युरोपातील अनुभव वेगळा आहे आणि तो इथे असावा, असे वाटते.

१९६७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातील बंदिस्त म्यूल हरणे (मोठ्या कानांची एक अमेरिकी जात) अशी वाळून मरताना पहिल्यांदा लक्षात आली. दहा-अकरा वर्षे तो आहारातील किंवा बंदिवासाच्या ताणाचा दोष समजला गेला. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्य संशोधिकेने मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो स्क्रेपीच्या जातीचा रोग असल्याचे ओळखले. १९८१ मध्ये तो रानटी एल्क या मोठ्या हरणांमध्ये दिसला आणि आज अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांत व कॅनडाच्या अनेक प्रांतांत आहे. दक्षिण कोरियात तो कॅनडातून विकत आणलेल्या एल्कबरोबर गेला. पण युरोप त्यापासून मुक्त आहे, असेच सगळे धरून चालले होते.

मार्च २०१६ मध्ये नॉर्वेच्या नॉर्डफियेला पर्वतभागात रेनडियरच्या गळ्यात मागोवा घेणारे पट्टे बांधण्यासाठी गेलेल्या संशोधकांना एक आजारी मादी दिसली आणि ती तिथेच मरण पावली. तिच्या मेंदूत सीडब्ल्यूडी निघाला. युरोपातील ही पहिलीच नोंद होती आणि जगातील रानटी रेनडियरमधीलही पहिलीच. युरोपातील मूळ रानटी डोंगरी रेनडियरचे शेवटचे मोठे कळप नॉर्वेतच उरले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा निर्णय किती जड होता ते कळेल. सरकारने त्या भागातील दोन हजारांहून अधिक रेनडियरचा संपूर्ण कळप मारण्याचे ठरवले आणि २०१८ च्या उन्हाळ्यापूर्वी ते काम पूर्ण झाले. एकूण १९ जनावरे बाधित निघाली. त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या गावकऱ्यांना हे फार लागले आणि त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही. तरीही तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे, कारण १९ बाधितांवर थांबवणे शक्य होते, हजारांवर नसते. २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावरही एक बाधित नर सापडला. ते देशातील सर्वांत मोठ्या कळपाचे घर आहे, आणि तिथे संपूर्ण कळप मारण्याच्या वाटेने सरकार गेलेले नाही.

मूस या थोराड प्राण्यातही नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडन इथे काही प्रकरणे सापडली आहेत, परंतु ती वयस्क जनावरांत, एकेकटी, आणि प्रायॉन लसीका ग्रंथींत न आढळता मेंदूतच आढळलेली अशी आहेत. हा प्रकार बहुधा म्हातारपणी आपोआप उद्भवणारा, फारसा न पसरणारा असावा, असा इथल्या अनेक शास्त्रज्ञांचा कल आहे. त्यामुळे सीडब्ल्यूडी सापडला म्हटले, की कोणत्या प्राण्यात आणि कोणत्या वाणाचा, हे विचारायला हवे.

एका गोष्टीवर विशेष भर देतो. प्रायॉन जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, मातीतील चिकणखनिजांना घट्ट चिकटतात आणि चिकटलेल्या अवस्थेतही संसर्गक्षम राहतात. प्रयोगात ते गवताच्या पानांवर आणि मुळांतही आढळले. त्यामुळे कळप मारल्यावर नॉर्डफियेला पाच वर्षे तरी रिकामा ठेवायचा, असे ठरले आणि जिथे सगळी रेनडियर एकाच ठिकाणी चाटायला येत, ती मिठाची ठिकाणे कुंपण घालून बंद करण्यात आली. बाधितांना मारून टाकले, की रोग संपला, असे इथे होत नाही. जागाच रोगी झालेली असते.

पेंचकाठ

मेंडोटा, माहेरच्या जंगलाविषयी तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. माझे काम विदर्भातील तृणभक्षी प्राण्यांशी संबंधित आहे.

भारतात सीडब्ल्यूडीची नोंद नाही. हा रोग सारंगकुळातील, म्हणजे दर वर्षी गळून नवी येणारी शिंगे असलेल्या प्राण्यांचा आहे. आपल्याकडचे चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा, काश्मीरचा हंगूल, मणिपूरचा संगाई हे त्या कुळात येतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय येत नाहीत, ते गाय-शेळीच्या कुळातील आहेत. चितळ किंवा सांबर यांना नैसर्गिकरीत्या हा रोग झाल्याचे कुठेही दिसलेले नाही. परंतु भेकराच्या चिनी भावंडाला प्रयोगात बाधा झाली, आणि हंगूल ज्या गणात येतो त्याच गणातील एल्क व लाल हरीण यांना ती सहज होते. म्हणून आपली हरणे जन्मजात सुरक्षित आहेत, असे मानायला आधार नाही. उलट उदाहरणही आहे : युरोपी फॅलो हरणे कोलोरॅडोत दूषित कुरणात वर्षानुवर्षे ठेवूनही बाधित झाली नाहीत. प्रत्येक जातीचे प्रथिन थोडे वेगळे असते आणि तपासल्याशिवाय अंदाज चालत नाही.

आपली खरी ढाल म्हणजे हरणांचा व्यापार नसणे. उत्तर अमेरिकेत हा रोग लांब उडी मारून जिथे जिथे गेला, तिथे अनेकदा ट्रकमधून नेलेली पाळीव हरणे किंवा एल्क कारणीभूत होती. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकार, हरणांची शेती आणि मांसविक्री या सगळ्याला बंदी आहे. धोक्याचा दरवाजा उरतो तो परदेशांतून प्राणिसंग्रहालयांसाठी आणल्या जाणाऱ्या जनावरांचा, आणि तिथे कडक विलगीकरणाबरोबरच ज्या देशात हा रोग आहे तिथून सारंगकुळातील प्राणी मुळीच न आणणे, एवढी खबरदारी पुरेशी आहे. शिवाय प्रायॉन रोग भारताला अगदीच अपरिचित नाहीत. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्ये स्क्रेपी असल्याचे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

पेंचमध्ये एखादे वाळलेले, लाळ गाळणारे चितळ दिसले, तर पहिला संशय रेबीज, लाळ्या-खुरकूत, क्षय किंवा पोटात गेलेल्या प्लास्टिकचा घ्यावा लागतो. त्यातही रेबीजची शक्यता लक्षात घेऊन अशा जनावराला कुणीही हात लावू नये आणि वनविभागाला कळवावे. मरण पावलेल्या प्रौढ हरणाच्या मेंदूच्या देठाचा नमुना शवविच्छेदनात नेमाने घेतला जावा, असे मला तळमळीने वाटते. आजार नाही असे म्हणायला शोधल्याचा पुरावा लागतो.

वाघ-बिबट्यांचा प्रश्न कुणी विचारेल, म्हणून तेही सांगतो. कोलोरॅडोत प्यूमा ही मार्जारकुळातील मोठी जनावरे बाधित म्यूल हरणांना अधिक प्रमाणात मारतात, असे अभ्यासात दिसले. माणसाच्या नजरेला न दिसणारी सुस्ती शिकारी प्राण्याला बहुधा दिसते. तरीही त्याने तिथला रोग थांबला नाही. वायोमिंगमधील एका बाधित भागात म्यूल हरणांची संख्या दर वर्षी सुमारे २१ टक्क्यांनी आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची सुमारे १० टक्क्यांनी घटत असल्याचे मोजले गेले आहे. या रोगाने हरणे संपत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

मेंडोटा

आपणा तिघांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांशी बोलले. डोके त्यांनी टाकून दिले होते, त्यामुळे तपासणीचा मार्ग उरला नाही, आणि ती पाकिटे मी वापरणार नाही. मी कारण सांगितल्यावर ते रागावले नाहीत. पुढच्या हंगामात तपासून घेतो, असे त्यांनीच म्हटले. दोन शंका उरल्या आहेत. ते मांस आमच्या कुत्र्याला घालावे का? आणि आमच्या परसात हरणे रोज येतात, भाज्यांच्या वाफ्यांत त्यांच्या लेंड्या पडतात, त्याचे काय करावे?

उदगीरचा पशुवैद्य

कुत्र्यांना सीडब्ल्यूडी झाल्याचे उदाहरण नाही आणि कुत्र्याच्या कुळाचे प्रायॉन प्रथिन या रोगांना चांगलेच दाद न देणारे आहे. तरीही घालू नका, कारण प्रायॉन प्राण्याच्या पचनसंस्थेतून जाऊन विष्ठेत संसर्गक्षम राहू शकतात आणि तुमचा कुत्रा ज्या अंगणात फिरतो, तिथेच हरणेही येतात. मांस ओढ्याकाठी किंवा झाडीत टाकू नका, पुरू नका. पक्क्या पिशवीत बांधून कचऱ्यातून कचराभूमीत जाऊ द्या. राज्याचीही शिफारस अशीच आहे.

भाज्यांतून माणसाला बाधा झाल्याचे कुठेही दिसलेले नाही. लेंड्या हातमोजे घालून उचला, भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा आणि वाफ्यांना उंच जाळी लावा. हरणांसाठी मका, सफरचंदे किंवा मिठाचा दगड ठेवू नका. डेन काउंटीत त्याला कायद्यानेही बंदी आहे. एकाच भांड्यात तोंड घालणारी दहा हरणे एकमेकांची लाळ चाटतात, आणि नव्या जागी रोग रुजण्याला याहून सोपी संधी दुसरी नाही.

शेजाऱ्यांना सुऱ्यांबद्दल एक निरोप द्या. स्टेनलेस स्टीलची सुरी आधी घासून मांसाचा कणही राहणार नाही अशी स्वच्छ करावी आणि मग घरगुती ब्लीचचे दोन भाग व पाण्याचे तीन भाग अशा मिश्रणात पाच मिनिटे बुडवून ठेवावी. रॉकी माउंटन प्रयोगशाळेने २०१९ मध्ये दाखवले, की त्याने पृष्ठभागावरचे प्रायॉन निकामी होतात. मात्र मांसाच्या तुकड्याच्या आत ब्लीच पोहोचत नाही, म्हणून घासणे आधी. फाडताना हातमोजे घालावेत, पाठीचा कणा करवतीने कापू नये, आणि खाटकाला आमचे हरीण वेगळेच दळा, असे आधी सांगून ठेवावे. डोके मानेच्या वरच्या काही इंचांसह पेटीत ठेवले, की अहवाल साधारण दोन आठवड्यांत येतो. तोवर मांसाच्या पाकिटांवर त्या हरणाचा नोंदणी क्रमांक लिहून ती वेगळी ठेवावीत.